सरळ रेघ येऊरवरून जाते

वाशीच्या फळबाजारात अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. देवगड किती लांब, तर एक रात्र. रत्नागिरीही एक रात्रच. फक्त महामार्गाचं काम त्या आठवड्यात कुठं अडलंय, त्यावर गाडी पहाटे लागणार की उन्हं वर आल्यावर ते ठरतं. दुबई म्हणजे संध्याकाळी भरलेला माल दुसऱ्या दिवशी दुकानात. लंडन त्याच्या थोडं पुढं. सॅन फ्रान्सिस्कोचं नाव काढलं की मात्र आडते जरा थांबतात. पेटीतलं एखादं फळ उचलतात, देठाजवळ अंगठा टेकवून बघतात, नाकाशी नेतात आणि मग सांगतात, ‘हा पोचेल’ किंवा ‘हा नाही पोचायचा.’

मी तुर्भ्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये निर्यातीची कागदपत्रं सांभाळते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो म्हणजे फळाला कीड-रोग नसल्याचा दाखला, आणि एअरवे बिल म्हणजे विमानानं जाणाऱ्या मालाची पावती. आंबा माझ्या हाताखालून फारसा जात नाही, कागदावरूनच जातो. त्या कागदावर दोन विमानतळांची तीन-तीन अक्षरं असतात, मुंबईचं बीओएम आणि सॅन फ्रान्सिस्कोचं एसएफओ. मधे काहीच नसतं. मोसमात ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्यानं फोनवर बोलताना माझं सगळं बोलणं त्या मधल्या मोकळ्या जागेबद्दल चाललेलं असतं, आणि शेजारच्या बायकांना वाटत असेल की ही कुठल्या तरी युद्धावर आहे.

संगणकाला विचारलं तर या दोन विमानतळांमधलं अंतर १३,५१० किलोमीटरच्या आसपास येतं आणि थेट विमानाला वेळ सोळा-सतरा तास. हिशेब सरधोपट असतो. अंतर घ्यायचं, ताशी साडेआठशेनं भागायचं, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर टाकायचा. गंमत म्हणजे उत्तर फारसं चुकतही नाही. पण हे अंतर प्रत्यक्षात कुठल्याही विमानाने कापलेलं नसतं. ते पृथ्वीवरचं सगळ्यात जवळचं अंतर असतं, आणि जवळचा रस्ता मोकळा असतोच असं नाही, हे ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना मी काय सांगायचं.

माझी आई ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिच्याकडे अजून एक पृथ्वीगोल आहे, हिंदी महासागरात पोचा पडलेला आणि सोव्हिएत संघ शाबूत असलेला. धाकट्या भावाला कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला नोकरी लागली तेव्हा तिनं तो माळ्यावरून उतरवला. शिवणाच्या डब्यातून दोरा काढला. एक टोक मुंबईवर नखानं दाबून धरलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणला. आम्हा दोघांनाही वाटत होतं की दोरा अरबस्तान, युरोप, अटलांटिक असा डावीकडून जाईल. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडेच तर असते. दोरा सुटला तो सरळ वर, काश्मीरच्या अंगानं.

‘आई, हा उत्तरेला चाललाय.’

‘मग? जाणारच. गोल आहे ना ती.’

तिनं पुढं जे सांगितलं ते ती वर्गातही सांगत असणार. हापूसची साल सलग सोलून पाटावर थापून सपाट करायला गेलं तर ती कडेला फाटते, नाहीतर ताणावी तरी लागते. भिंतीवरच्या नकाशात ती ताणलेली असते. मर्केटरने १५६९ मध्ये हा नकाशा केला तो दर्यावर्दी लोकांसाठी. होकायंत्राचा कोन नकाशावर जसाच्या तसा उतरावा म्हणून. कोन बरोबर आले, त्याची किंमत अंतरांनी आणि आकारांनी मोजली. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसायला लागलं, जेव्हा आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. ध्रुवाजवळचा सगळा भाग इतका फुगला की तिथून कुणी जवळचा रस्ता काढेल हे मनातच येत नाही.

विमानवाले अजूनही दर्यावर्द्यांच्याच मापात मोजतात. त्यांचा सागरी मैल १,८५२ मीटरचा, आणि तो काही कुणाच्या पावलावरून किंवा दोरीवरून आलेला नाही. पृथ्वीच्या मध्यातून बघितलं तर अंशाचा साठावा भाग म्हणजे एक सागरी मैल. मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात साडेएकशेएकवीस अंशांचा कोन आहे. गुणिले साठ, झाले ७,२९० सागरी मैल. आईला हे फार आवडलं. म्हणाली, हे खरं माप, ह्यात पृथ्वीच आहे. आता हे असंही बघता येईल की पृथ्वीवर कुणीही कुणापासून २०,००० किलोमीटरच्या पलीकडे जाऊच शकत नाही, कारण त्यानंतर माणूस दुसऱ्या बाजूनं परत जवळ यायला लागतो. म्हणजे आमचा आंबा जगातल्या जास्तीत जास्त शक्य अंतराच्या दोन तृतीयांश जातो.

दोऱ्याचा रस्ता मी नंतर कॉम्प्युटरवर अंशाअंशानं काढला. मोसम संपला की आमच्याकडे जून-जुलैत तसं काम नसतं. सहारहून, म्हणजे मुंबईच्या विमानतळावरून, निघालेली सरळ रेघ उत्तरेला जेमतेम चौदा अंश पूर्वेकडे कलते आणि पहिल्यांदा येऊरच्या जंगलावरून जाते. म्हणजे ठाणेकरांनी उपवनला उभं राहून डोंगराकडे तोंड केलं की अमेरिकेची सरळ रेघ त्या डोंगरामागून वर चढते. मग गुजरातच्या कडेनं राजस्थान, झुनझुनूच्या आसपास, पंजाब, हिमाचल, आणि काराकोरममध्ये सियाचीनच्या थोडं पूर्वेला. पुढं चीनचं वाळवंट, अल्ताई पर्वत, सायबेरियात येनिसेई नदीचं खोरं. मग जमीन संपते आणि आर्क्टिक महासागर लागतो. साडेशहात्तर अक्षांशाच्याही वर जाऊन रेघ परत खाली वळते ती अलास्काच्या उत्तर टोकावर उतरते, कॅनडाच्या युकॉनमधून समुद्रावर येते, व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून दक्षिणेला. देवगडच्या कलमावर पिकलेल्या फळाच्या नशिबी एवढं बर्फ, हे वाचून मला जरा विचित्रच वाटलं होतं.

या रेघेवरून कुणी जात नाही, त्याची पहिली अडचण सियाचीनलाच. विमानातली हवा अचानक गेली तर वैमानिकाला तातडीनं दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या त्या पिवळ्या मुखवट्यांत प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. काराकोरममध्ये खाली यायला जागाच नाही. डोंगरच वीस-पंचवीस हजार फुटांचे. तिबेटवरून विमानं सहसा का जात नाहीत त्याचंही कारण हेच. दुसरी अडचण देशांची. पाकिस्तानचं आकाश २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतं. २४ एप्रिल २०२५ ला ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं, ऐन हापूसच्या हंगामात. रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपी कंपन्यांना २०२२ पासून बंद. भारतीय विमानांना मात्र उघडं. म्हणजे त्याच दोन विमानतळांमधलं अंतर विमानाच्या शेपटीवर कुठल्या देशाचा रंग आहे त्याप्रमाणे बदलतं. हे शाळेच्या भूगोलात नव्हतं, नागरिकशास्त्रातही नव्हतं.

रशियावरून जाणं म्हणजे नुसतं खाली बघत जाणं नव्हे, हे जून २०२३ मध्ये सगळ्यांना कळलं. एअर इंडियाचं दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगादानला उतरवावं लागलं. दोनशेहून जास्त प्रवासी, बाहेर थंडी, जेवणाखाण्याची अडचण, तात्पुरत्या निवाऱ्यात रात्र. दुसरं विमान मुंबईहून पाठवून त्यांना पुढं नेलं. त्या दिवशी आमच्या पॅकहाऊसमध्ये मगादान हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. आईनं गोलावर ते शोधून काढलं. ओखोत्स्कच्या समुद्राकाठी, आणि तिथं नाव छापलेलंही होतं. ‘बघ,’ म्हणाली, ‘मी मुलांना पाठ करायला लावायचे तेव्हा आईबाप येऊन भांडायचे की हे कशाला लागणार.’

पण देश आणि डोंगर हे निदान एका जागी असतात. खरा घोळ वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, आपल्या उत्तर गोलार्धात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदीच वाहत असते. हिवाळ्यात कधी कधी ती ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जाते. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात फुगे सोडून सोडून हा वारा मोजला होता. जगाला कळावं म्हणून त्यानं आपला अहवाल एस्परांतो भाषेत छापला, म्हणजे अशा भाषेत की जी सगळ्या जगाची व्हावी म्हणून तयार केली होती आणि जी जवळजवळ कुणालाच येत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर त्याच वाऱ्यात सापडली तेव्हा कुठं त्याची दखल घेतली गेली. सरकारी अहवाल कुठल्या भाषेत काढावा यावर आपल्याकडे जे वाद होतात ते ऐकताना मला ओइशी आठवतात.

या वाऱ्यामुळे जाण्याचं आणि येण्याचं अंतर सारखं राहत नाही. त्याचा फार सुंदर दाखला एअर इंडियानंच २०१६ मध्ये घालून दिला. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेनं, अटलांटिकवरून जायचं. साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ पासून ते पूर्वेनं, पॅसिफिकवरून जायला लागलं. रस्ता १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. आणि वेळ? जवळजवळ दोन तास कमी, साडेचौदा तास. पाठीशी वारा होता. परतताना ते अटलांटिकवरून यायचं, म्हणजे परत पूर्वेलाच, परत वारा पाठीशी. जाऊन-येऊन पृथ्वीला पुरी प्रदक्षिणा. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, हे संगणकाच्या त्या भागाकारात कुठं बसवायचं?

वाऱ्याचा आणि माझा संबंध मात्र सुंदर वगैरे नाही. तो रात्री अकरानंतर फोन वाजवतो.

इतक्या लांब उडणाऱ्या विमानाचं वजनाचं गणित असं असतं. बोइंग ७७७-२००एलआर हे याच कामासाठी केलेलं विमान घ्या. उड्डाणाच्या वेळी त्याचं जास्तीत जास्त वजन ३४७ टन. त्याच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं, म्हणजे १४५ टनांच्या आसपास. पूर्ण भरलं तर वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त निव्वळ इंधन. त्यातलं बरंचसं इंधन उरलेलं इंधन वाहून नेण्यातच जळतं. समोरून येणारा वारा अंदाजापेक्षा जोरात निघाला किंवा एखादा देश टाळून वळसा घ्यायचा ठरला की जास्त इंधन घ्यावं लागतं. मर्यादा तीच. मग काय कमी करायचं? माणसं तिकीट काढून बसलेली असतात, त्यांच्या बॅगा त्यांच्याबरोबर जाव्या लागतात. राहिला पोटातला माल. त्यात एप्रिल-मे, मुंबईची तापलेली हवा. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, धावपट्टीवरून किती वजन घेऊन सुटता येईल त्याला आणखी कात्री लागते. आंब्याचा मोसम आणि विमानाला जड जाण्याचा मोसम एकच, ही देवाची की हवामानाची थट्टा कोण जाणे.

तर रात्री फोन येतो. ‘मॅडम, दोन पॅलेट ऑफलोड.’ म्हणजे पेट्यांच्या दोन थप्प्या विमानात घेतल्या नाहीत. पलीकडचा पोरगा मालधक्क्यावर उभा असतो, मागं फोर्कलिफ्टचा भोंगा. मी विचारते कुठली दोन. त्यानं नंबर वाचले की मी पॅकिंग लिस्ट उघडून बघते, कुठल्या बागेचा माल, कधीची तोड. मग त्याला सांगते की वरचं चंदेरी पांघरूण काढू नको, शीतगृहात जागा मिळते का बघ, तेरा अंशाला ठेव, खाली नको. आंब्याला तेराच्या बरंच खाली नेलं तर साल काळवंडते आणि नंतर तो पिकतच नाही, नुसता मऊ पडतो. तेराच्या वर ठेवला तर घड्याळ पळायला लागतं. सकाळी मालकांना सांगावं लागतं. ते मला काही बोलत नाहीत, वाऱ्यालाही बोलता येत नाही, मग चहा पाठवणाऱ्या पोरावर चिडतात.

पेटीचं घड्याळ आमच्याकडे येण्याआधीच सुरू झालेलं असतं. कोकणात सकाळी देठासकट उतरवलेलं फळ, चीक गळून गेलेला, रात्रभर गाडीत, पहाटे वाशीत. निर्यातीला पिकलेला चालत नाही. ऐंशी-पंचाऐंशी टक्के तयार झालेला, खांदे भरलेला पण रंगानं हिरवाच लागतो. मग निवड. बाई बाकावर बसून फळ हातात फिरवते, एकदाच, आणि बाजूला टाकते किंवा पुढं सोडते. डाग, खरचटा, वजन. आमच्याकडे एक मावशी आहेत, त्या फळ फिरवतानाच माझ्याशी नातवाच्या शाळेबद्दल बोलत असतात आणि त्यांचा हात तरी चुकत नाही. धुणं, वाळवणं, साडेतीन किलोच्या पुठ्ठ्याच्या पेटीत भरणं, पेटीला जाळी, कारण वाटेत एखादी माशी बसली तर सगळी मेहनत वाया.

अमेरिकेची गोष्ट इथं वेगळी होते. युरोपला माल जायचा तर गरम पाण्याची प्रक्रिया, जपानला बाष्पाची. अमेरिकेला विकिरण. वाशीला पणन मंडळाचं केंद्र आहे. तिथं कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून पेट्या फिरतात, कमीत कमी ४०० ग्रे मात्रा, म्हणजे कोयीत भुंगा लपलेला असलाच तर त्याची पुढची पिढी होऊ नये. आणि हे सगळं होताना अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक इथं हजर असावा लागतो. त्याच्या सहीशिवाय पेटी हलत नाही. अमेरिकेनं आपल्या आंब्याला दार उघडलं ते २००७ मध्ये, या अटीवर. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे ते निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर दोन मोसम आंबा गेलाच नाही. बागा होत्या, विमानंही काही उडत होती, अंतर तेच होतं, १३,५१०. एका माणसाची सही नव्हती.

हे सगळं धरलं तर झाडावरून फ्रीमाँटच्या दुकानापर्यंत चार-पाच दिवस जातात. त्यातले हवेतले तास थेट विमानानं सोळा-सतरा, दुबईवरून गेलं तर थांब्यासकट दिवसभर. दुबईवरून म्हणजे आधी पश्चिमेला १,९३० किलोमीटर आणि मग तिथून सुमारे १३,०००, तेही जवळजवळ थेट उत्तर ध्रुवावरून. एकूण वळसा दीड हजार किलोमीटरच्या आतबाहेर. लंडनवरून गेलं तर आणखी आठ-नऊशे. बाजारात याला कुणी वळसा म्हणत नाही. ‘कनेक्शन चांगलं आहे’ असं म्हणतात.

आणि तुर्भे ते सहार? पंचवीसएक किलोमीटर. विमान हे अंतर दोन मिनिटांपेक्षा कमी वेळात काटतं. आमची गाडी वाशी खाडीपुलावर उभी असते, मानखुर्दला उभी असते, चेंबूरला उभी असते. गर्दीच्या वेळी मोठ्या गाड्यांना बंदी, म्हणून माल लवकर काढायचा. लवकर काढला की मालधक्क्यावर लवकर पोचतो. लवकर पोचला की उन्हात रांग. कटऑफ, म्हणजे माल घेण्याची शेवटची वेळ, चुकला तर उद्याचं विमान. माझ्या फायलींत जितके उशीर नोंदलेले आहेत त्यातले बहुतेक याच पंचवीस किलोमीटरांतले आहेत, सायबेरियातले नाहीत.

म्हणून २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. तिथं पूर्वी उलव्याची टेकडी होती. ती सुरुंग लावून फोडली, नदी वळवली, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, तरघर अशी दहा गावं उठली. पॅकहाऊसमधल्या निवडीच्या बाकावर त्या गावांतल्या दोन बायका आहेत. विमानाचा आवाज आला की एक वर बघते आणि दुसरी मुद्दाम बघत नाही. त्यांच्याशी मी अंतरांबद्दल कधी बोलले नाही.

मी मात्र घरी जाऊन पहिलं काम केलं ते नव्या विमानतळाच्या अक्षांश-रेखांशांवरून सॅन फ्रान्सिस्को मोजायचं. सहारपेक्षा ते पाचएक किलोमीटर लांबच पडतं! तुर्भ्याहून जवळ आणि अमेरिकेपासून लांब. मालकांना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढं बोललेच नाही. त्यांना एवढंच हवं होतं की पूल टळतो. धावपट्टी ३,७०० मीटरची आहे, लांब पल्ल्याचं विमान तिथून उठू शकतं. पण नुसती धावपट्टी असून आंबा अमेरिकेला जात नाही. हापूस बहुतेक वेळा प्रवासी विमानाच्या पोटातूनच जातो, म्हणजे वर बसायला तीनशे माणसं हवीत. बाजारात सगळे विचारतात उलव्याहून थेट अमेरिका कधी. खरा प्रश्न असा की त्या दिवशी नवी मुंबईतून किती जणांना कॅलिफोर्नियाला जायचंय.

एप्रिल-मेमध्ये जायचं असतंच म्हणा. ठाण्या-डोंबिवलीतले निवृत्त आईबाप तेव्हाच निघतात, नातवंडांच्या सुट्टीचा हिशेब लावून. त्यांच्या पायाखाली, दोन-तीन मीटरवर, तेरा अंशात आमच्या पेट्या. वरच्या आजींच्या बॅगेत मेतकूट असतं, गोडा मसाला असतो, कुळथाचं पीठ असतं; आंबा नसतो. प्रवाशाला हापूस न्यायला अमेरिकेत बंदी. त्याच विमानात, त्याच बागेतला, पण कागदपत्रं असलेला तेवढा जाऊ शकतो. हे एकदा मी लोकलमधल्या बाईंना समजावून सांगत होते, तर त्या म्हणाल्या, म्हणजे आंब्याला व्हिसा मिळाला आणि आमच्या ह्यांना नाही.

यावरून कल्याणच्या आनंदीबाई जोशी आठवतात. ठाण्याहून कल्याण ते काय, लोकलचं अंतर. त्या ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने. वय अठरा, सोबत नवरा नाही, डॉक्टर व्हायचंय. आज मुंबईहून न्यूयॉर्क १२,५०० किलोमीटर म्हणतात, साधारण पंधरा-सोळा तास. त्यांच्या वेळीही सरळ रेघ एवढीच होती. पृथ्वी काही तेव्हा मोठी नव्हती. आणि एक गोष्ट अशी की बोटीवर शरीराला वेळ मिळायचा. रोज थोडं थोडं घड्याळ बदलत जायचं. आता विमानातून उतरलेल्या माणसाचं पोट आठवडा-दहा दिवस ठाण्याच्याच वेळेनं भूक लावतं.

घड्याळाची गंमत सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत अशी की उन्हाळ्यात ते आपल्या बरोबर साडेबारा तास मागं असतं. म्हणजे भिंतीवरचं घड्याळ जवळजवळ तेच. आपले रात्रीचे साडेनऊ, तिकडचे सकाळचे नऊ. काटे अर्ध्या तासाने मागं घ्यायचे आणि दिवसाची रात्र करायची, झालं. आईनं तर घड्याळ बदललंच नाही. गेल्या मोसमात ती भावाकडे गेली, दुबईमार्गे, मनगटावर ठाण्याची वेळ घेऊन. तिच्याच विमानात आमच्या पेट्या होत्या. एअरवे बिल मीच केलं होतं. निघताना तिला सांगितलं तर तिनं हवाईसुंदरीला विचारून खात्री करून घेण्याचा प्रयत्न केला, असं तिनंच नंतर सांगितलं.

उतरल्यावर आई तासाभरात बाहेर. पेट्या तिथल्या तपासणीत, मग घाऊक व्यापाऱ्याच्या शीतगृहात, मग दुकानात. भावानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन एक पेटी आणली. आईनं तिच्यावरचा लेबलाचा कागद वाचला, आमचाच पॅकहाऊस क्रमांक. मग भाव विचारला.

आमचे साडेनऊ वाजले होते. व्हिडिओ कॉलवर तिनं मला पेटी दाखवली आणि पहिलं विचारलं, ‘विमानाचं भाडं किलोमागं किती?’ मी सांगितलं. तिनं ते एका फळावर आणलं, कागदावर १५,००० नं भागलं, चष्मा वर केला. ‘हे तर काहीच नाही. एवढ्या लांब यायला इतकं कमी? मग बाकीचे पैसे गेले कुठं?’

मी मोजून दाखवायला लागले. बाग, तोड, रात्रीची गाडी, निवड, पुठ्ठा, विकिरण, निरीक्षकाचा खर्च, शीतगृह, खाडीपुलावर उभी राहिलेली गाडी, धक्क्यावरचं हाताळणीचं शुल्क, तिकडचा दलाल, तिकडचं दुकान. ती प्रत्येकाला मान हलवत होती, वर्गात मुलाचं उत्तर बरोबर येतंय का बघतात तशी. मागून भाऊ म्हणाला, ‘ताई, तू बोलत राहा, आम्ही कापतोय.’

पहिला चांगला निघाला. दुसऱ्यात साका, बाहेरून छान आणि आतून पांढरट, स्पंजासारखा. त्याची तक्रार कुठं करायची, ते ती मला विचारत होती.